तपासणी शाळेत, निकाल घरी

मागे एक आई आपल्या शाळकरी मुलीला घेऊन दवाखान्यात आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगतो.) मुलीला ताप नव्हता, खोकला नव्हता, पण चार दिवसांपासून ती शाळेत जायला तयार नव्हती. "डाक्टरसाहेब, पोरीले सिकल निघालं म्हंतेत. सरनं भर वर्गात नाव वाचलं. आता इच्या लग्नाचं कसं व्हईन?" आईने विचारले. मुलगी मान खाली घालून बसली होती.

शाळेत रक्ततपासणी झाली होती. पुढच्या तपासणीसाठी कोणी थांबायचे हे सांगताना शिक्षकांनी यादी वाचली. हेतू वाईट नव्हता. पण संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली.

आता वैद्यकीय बाजू बघा. सिकलसेलची पहिली साधी चाचणी, सोल्युबिलिटी, रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. मूल रुग्ण आहे की नुसते वाहक, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीनंतर कळते. म्हणजे निदान पक्के होण्याआधीच नाव जाहीर झाले होते. पुढे ती मुलगी वाहक निघाली. वाहकाला सहसा कसला त्रास नसतो, औषध लागत नाही. शिक्षण, खेळ, लग्न सर्व काही करता येते. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळ रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून लग्न ठरवण्यापूर्वी जोडीदाराने रक्त तपासून घ्यावे, इतकाच सल्ला. हे समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. यादी वाचायला दोन मिनिटे पुरली होती.

गैरसमज नसावा, मी शालेय तपासणीच्या विरोधात नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचे जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि वाढीतील अडचणी त्यातून शोधल्या जातात. हृदयाचा दोष, कमी ऐकू येणे, रक्तक्षय अशा गोष्टी आईबापांच्या ध्यानात येण्याआधी सापडतात. विदर्भात सिकलसेलची तपासणी तर हवीच. पण घाबरलेली पोरे पुढच्या वेळी पथक आले की घरी बसतील, आणि नुकसान त्यांचेच होईल.

रुग्णाचे गुपित बाहेर फोडू नये, असे बंधन आम्हा डॉक्टरांवर २००२ च्या आचारसंहितेने घातले आहे. पण आम्ही तीच यादी शिक्षकांच्या हाती देतो तेव्हा त्यांना हे बंधन समजावून सांगतो का? चूक तिथूनच सुरू होते, आणि ती आमची आहे.

जिथे नावाची गरजच नाही तिथे ते विचारूही नये. एनसीईआरटीने २०२२ च्या सुरुवातीला सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ८० हजार विद्यार्थ्यांना त्यांच्या मनःस्थितीबद्दल प्रश्न विचारले. त्यात नाव लिहिणे ऐच्छिक ठेवले होते. ८१ टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे चिंतेचे कारण सांगितले. हेच उत्तर वर्गशिक्षकांच्या टेबलावर नावासकट द्यायचे असते, तर किती मुलांनी खरे लिहिले असते?

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये दिला. तो शाळकरी मुलांनाही लागू आहे. त्यासाठी फार खर्च लागत नाही, थोडी शिस्त लागते.

मुख्याध्यापकांनी तपासणीआधी पालकांना चिठ्ठी पाठवून काय तपासणार ते कळवावे. वजन, उंची, रक्त यांचे आकडे मोठ्याने पुकारू नयेत. मुलींची तपासणी आडोशाला आणि महिला कर्मचाऱ्यासमोर व्हावी. अहवाल बंद पाकिटात पालकांच्या हाती द्यावा आणि यादी कुलपात ठेवावी. पालकांनीही "कोणाकोणाचं काय निघालं?" असे फाटकाशी उभे राहून विचारू नये.

ती मुलगी आता नियमित शाळेत जाते. पण वर्गात तिला चिकटलेले 'सिकल' हे नाव सुटायला वर्ष लागले. त्यावर माझ्याकडे औषध नव्हते.