सूत्रही हवे, दृष्टान्तही हवा

मलकापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला पद्मश्री डॉ. वि. भि. कोलते यांचे नाव आहे. हे कोलते मलकापूर तालुक्यातल्याच नरवेलचे. महानुभाव साहित्याचे थोर संशोधक आणि नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू. अनेक हस्तलिखिते ताडून त्यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी अमेरिकेत ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांचे सी भाषेवरचे पुस्तक निघाले. प्रोग्रॅमिंगची भाषा वाचकाला कशी समजावून द्यावी, याचा ते पुस्तक पुढे नमुना ठरले. या दोन ग्रंथांचा एकमेकांशी संबंध नाही. तरी प्रोग्रॅमिंग भाषांचे डॉक्युमेंटेशन, म्हणजे वापरणाऱ्यासाठी लिहिलेली माहिती, कशी असावी, यावर आज जो वाद हिरिरीने चालतो, त्याचा निवाडा मला कोलत्यांच्या अभ्यासविषयात सापडतो.

आधी वादी-प्रतिवादी काय म्हणतात ते पाहू.

पहिला पक्ष म्हणतो, कोड हेच खरे डॉक्युमेंटेशन. ज्याला शंका असेल त्याने मूळ कोड उघडून वाचावा. हे म्हणणे बाणेदार वाटते, पण टिकत नाही. कोड काय घडते ते सांगतो. काय घडेल याचे वचन तो देत नाही. पायथॉन भाषेतली डिक्शनरी, म्हणजे नाव-किंमत जोड्यांचा संग्रह, घ्या. ३.६ या आवृत्तीत डिक्शनरीतल्या नोंदी ज्या क्रमाने भरल्या त्याच क्रमाने राहू लागल्या. कोड वाचणाऱ्याला तो क्रम दिसत होता. मात्र ही आतल्या रचनेची बाब आहे, तिच्यावर विसंबू नका, असे डॉक्युमेंटेशन बजावत होते. २०१८ मध्ये ३.७ आली, तेव्हा तो क्रम भाषेच्या नियमात आला. दोन्ही आवृत्त्यांत अनुभव तोच, पण पहिल्या वेळी तो योगायोग होता आणि दुसऱ्या वेळी शब्द दिलेला होता. हा फरक कोडात कुठेच लिहिलेला नसतो. तो माणसानेच लिहावा लागतो.

दुसरा पक्ष नियमवाद्यांचा. प्रत्येक फंक्शन काय घेते, काय देते, कुठे चुकते, एवढे नेमके लिहा. उदाहरणे म्हणजे पाल्हाळ, असे ते म्हणतात. तिसरा पक्ष नेमका उलटा. नियम कोण वाचतो, चार चालती उदाहरणे द्या, लोक उचलून कामाला लागतील. खरी लढाई या दोघांत आहे, म्हणून इथे जरा थांबू.

खामगावच्या बाजार समितीतले तुरीचे भाव एका विद्यार्थ्याला चढत्या क्रमाने लावायचे आहेत, असे समजा. तो पायथॉनमध्ये यादी करतो, ‘सॉर्ट’ वापरतो आणि जे उत्तर येईल ते पुन्हा ‘भाव’ याच नावात ठेवतो. छापायला जातो तर यादी गायब, पडद्यावर नुसते ‘नन’, म्हणजे ‘काही नाही’. ‘सॉर्ट’ यादी जागच्या जागी लावतो आणि परत काही देत नाही, हा नियम डॉक्युमेंटेशनमध्ये आहे. मुलाने तो वाचलाही असेल. पण ‘जागच्या जागी’ म्हणजे काय, हे ज्याने कधी पाहिलेले नाही त्याला त्या दोन शब्दांतून काही उमगत नाही. इथे दोन ओळींचे उदाहरण पुरले असते. एकीकडे ‘सॉर्ट’, शेजारी ‘सॉर्टेड’. पहिला तीच यादी हलवतो, दुसरा नवी यादी करून हाती देतो. नियमवाद्यांचा पक्ष इथे पडतो.

आता हाच मुलगा उदाहरण पाहून शहाणा झाला. आकड्यांची यादी त्याने बरोबर लावली. दुसऱ्या दिवशी भाव फाइलमधून वाचले आणि तेच उदाहरण जसेच्या तसे चालवले. आता १०२०० हा भाव ७५०० आणि ९८०० यांच्या आधी येऊन बसला. फाइलमधून आलेले आकडे पायथॉनच्या लेखी मजकूर होते, आणि मजकुराची तुलना एकेका अक्षराने होते. एक हा सात आणि नवाच्या आधी, म्हणून १०२०० पुढे. अशी चूक कोणतेही पाठ केलेले उदाहरण पकडून देत नाही. पडद्यावर तक्रार उमटत नाही, उत्तर येते आणि ते खोटे असते. तुलना कशाची कशाशी होते, हा नियम माहीत असणाराच इथे वाचतो. उदाहरणवाद्यांचा पक्ष इथे पडतो.

दोघांनीही अर्धे सत्य पूर्ण म्हणून विकले, हा माझा आक्षेप आहे. आणि उरलेले अर्धे कसे जोडायचे, ते आपल्या भाषेत सातशे वर्षांपूर्वी कुणीतरी करून ठेवले आहे.

महानुभाव पंथातल्या केसोबासांनी संकलित केलेल्या ‘दृष्टान्तपाठा’त पंथप्रवर्तक चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टान्त आहेत. त्यांची मांडणी पाहा. आधी सूत्र, म्हणजे थोडक्यात तत्त्व. मग दृष्टान्त, म्हणजे रोजच्या जगण्यातला एखादा प्रसंग. मग दार्ष्टान्तिक, म्हणजे त्या प्रसंगातली कोणती गोष्ट तत्त्वातल्या कोणत्या गोष्टीला लागू होते त्याचा उलगडा. आजच्या डॉक्युमेंटेशनमध्ये सर्वांत जास्त वाण आहे ती या तिसऱ्या पायरीची. नियम असतो, उदाहरण असते, पण उदाहरणातली कोणती बाब नियमातून आली आणि कोणती केवळ सोयीसाठी घेतली, हे सांगायला कोणी थांबत नाही. तुरीच्या भावाखाली ‘हे आकडे आहेत म्हणून असे लागले; मजकूर असता तर वेगळे लागले असते’ एवढे एक वाक्य असते, तर दुसऱ्या दिवशीची चूक झालीच नसती. ते वाक्य म्हणजे दार्ष्टान्तिक.

‘लीळाचरित्रा’कडूनही घेण्यासारखे आहे. मलकापूरच्याच जिल्ह्यातली मेहकर आणि लोणार ही गावे त्यात येतात. चक्रधरस्वामींचे हे चरित्र म्हाइंभटांनी ऐकीव गोष्टींवर लिहिले नाही. ज्यांनी प्रसंग पाहिले त्यांना गाठून, विचारून लिहिले. लिहिलेले पडताळावे, हा धडा डॉक्युमेंटेशनलाही लागू आहे. पायथॉनमध्ये ‘डॉकटेस्ट’ आहे; माहितीत छापलेले उदाहरण प्रत्यक्ष चालवून उत्तर जुळते का, ते तो तपासतो. रस्ट भाषेत माहितीतली उदाहरणे चाचण्यांबरोबरच चालवली जातात. पुढे ‘लीळाचरित्रा’चे वेगवेगळे पाठ झाले आणि कोलत्यांना पाठभेद ताडत बसावे लागले. जुन्या पायथॉन २ चे धडे आजही मुलांच्या हाती पडतात आणि त्यातली ‘प्रिंट’ची पहिलीच ओळ नव्या पायथॉनमध्ये अडते. हाही पाठभेदच. म्हणून कोणत्या आवृत्तीसाठी लिहिले, हे प्रत्येक पानावर हवे.

आता दोन ताजे पक्ष. एक म्हणतो, एआयला विचारले की उत्तर मिळते, मग डॉक्युमेंटेशन कशाला? पण एआय शिकला तो लोकांनी लिहिलेल्या याच मजकुरावर, आणि नसलेल्या फंक्शनचे नावही तो ठामपणे सांगून जातो. त्याचे खरे-खोटे ताडायला मूळ पोथी लागतेच.

दुसरा म्हणतो, आधी इंग्रजी शिका. इंग्रजी शिकावेच, यात वाद नाही. पण नवी कल्पना आणि परकी भाषा ही दोन ओझी एकाच वेळी का द्यावीत? पायथॉनचे डॉक्युमेंटेशन जपानी, फ्रेंच, कोरियन भाषांत आहे. ते लोक त्यामुळे मागे पडले असे कोणी म्हणत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने छोटे धडे मराठीतही दिले. एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला स्वतः करून पाहणे, अशी त्याची रीत आहे. केसोबास स्वतः संस्कृतचे पंडित होते. तरीही चक्रधरस्वामींचे शिष्य असलेल्या नागदेवाचार्यांच्या पंथात ज्ञान मराठीतच सांगायचे, हा आग्रह होता, कारण साधी माणसे त्यावाचून वंचित राहिली असती.

माझे मंडन एवढेच आहे. चांगले डॉक्युमेंटेशन ते, ज्यात सूत्र नेमके असते, दृष्टान्त तपासलेला असतो आणि दोघांना जोडणारा उलगडा असतो. ते जिवंत माणसाची जागा घेऊ शकले पाहिजे, कारण पुण्यात किंवा बंगळुरूत अडलेल्याला शेजारच्या टेबलावर विचारता येते. मेहकरजवळच्या खेड्यात रात्री अकराला एकटा बसलेला मुलगा कुणाला विचारणार?

म्हणून मलकापूर, शेगाव, चिखलीच्या संगणक विभागांकडे माझे एक मागणे आहे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तपासताना तो पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हाती द्या, सोबत फक्त लिहिलेली माहिती द्या, आणि ज्याने प्रकल्प केला त्याला शेजारी गप्प बसवा. पहिल्या वर्षाचा मुलगा जिथे अडेल, ती जागा कर्त्याने टिपून घ्यावी आणि घरी जाऊन तेवढे पान पुन्हा लिहावे. गुण त्या पुन्हा लिहिलेल्या पानाला द्या.