मुलं गेली कुठे, ते सांगा

माहीममधल्या एका कॉलेजच्या बैठकीला या आठवड्यात बसलो होतो. खर्चाचा आढावा चालला होता आणि प्लेसमेंट सेलपाशी गाडी अडली. संस्थेच्या एका विश्वस्तांनी सरळ विचारलं, ‘या सेलवर पैसे कशाला घालायचे? कॉलेजला यातून मिळतं काय?’ प्रश्न रोखठोक होता आणि योग्य होता. मला राग आला तो उत्तराचा. सेल सांभाळणाऱ्या मॅडमनी फाइल उघडून वाचायला सुरुवात केली : वर्षभरात इतकी शिबिरं, इतके वक्ते, इतके लाभार्थी विद्यार्थी. लाभार्थी कोण, तर सभागृहात बसून हजेरीपत्रकावर सही केलेला प्रत्येक जण. ते हजेरीपत्रक फिरत माझ्यापर्यंत आलं. अनुक्रमांक, नाव, वर्ग, सही, आणि शेवटी मोबाइल नंबरचा रकाना. तो जवळजवळ सगळा कोरा. ही मुलं पुढे कुठे लागली, हे उद्या कुणाला विचारावंसं वाटलं तरी विचारणार कसं?

मॅडमना बोल लावत नाही. त्या कॉमर्स शिकवतात, पेपर तपासतात, परीक्षेच्या ड्यूट्या करतात आणि उरलेल्या वेळात सेल चालवतात. सेलची खोली एनएसएसच्या सामानाबरोबर वाटून घेतलेली. या स्तंभाचे वाचक माझं हे पालुपद ओळखतात, तरी पुन्हा म्हणतो : ज्या कामाला पूर्णवेळ माणूस नाही, ते काम संस्थेला नको आहे. दुसरा अर्थ निघत नाही. ग्रंथालयाला ग्रंथपाल लागतो, प्रयोगशाळेला सहायक लागतो. मग नोकरीचं मार्गदर्शन तेवढं जास्तीचं काम म्हणून कुणाच्या तरी गळ्यात का?

कुणी म्हणेल, आकडे तर कॉलेजांचं मूल्यांकन करणारी ‘नॅक’च मागते. बरोबर आहे. किती विद्यार्थ्यांना मार्गदर्शन मिळालं आणि किती टक्के नोकरीला लागले, हे नॅक विचारत आली आहे. पण नॅकची समिती येऊन गेली की ती फाइल पुढच्या फेरीपर्यंत कपाटात राहते. आकडा समितीसाठी तयार होतो. त्याच्या आधारे कॉलेजनं एखादा निर्णय बदलल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. पलीकडे माटुंग्याला व्हीजेटीआय, आयसीटी या तंत्रशिक्षणाच्या संस्था आहेत, नोकऱ्यांच्या बाबतीत त्यांची गोष्ट वेगळी. १८८७ साली व्हीजेटीआय निघाली, तेव्हा गिरण्यांना तंत्रज्ञ हवे होते. तिथे नोकरी देणारा पहिल्यापासून दाराशी उभा होता. प्रश्न बीए, बीकॉम, बीएस्सीवाल्यांचा आहे. त्यांच्या दाराशी कुणी येत नाही.

या मुलांसाठी करिअर मार्गदर्शन म्हणजे काय असू शकतं, याचं उत्तम उदाहरण या भागातल्या लोकांनी पाहिलेलं आहे, आणि ते कुठल्याही विद्यापीठात घडलेलं नाही. सत्तरच्या दशकात उभी राहिलेली शिवसेनेची स्थानीय लोकाधिकार समिती आठवा. सुधीर जोशी, रिझर्व्ह बँकेत नोकरी केलेले गजानन कीर्तिकर ही त्यातली ठळक नावं. बँका, आयुर्विमा, एअर इंडिया, अशा एकेका आस्थापनेत समितीची शाखा. जागा निघाली की ती आतल्या माणसाला आधी कळायची, कारण तो तिथेच बसलेला. मग अर्ज कसा भरायचा, लेखी परीक्षेला काय येतं, मुलाखतीला कसं बसायचं, कसं बोलायचं, याची तयारी करून घ्यायची. दादर-माहीम-परळच्या चाळींमध्ये अशा रीतीने बँकेत लागलेली माणसं आजही भेटतील. निवृत्त झालीत, पण ‘मला तयारी कुणी करून दिली’ हे नावानिशी सांगतात.

समितीमागचं राजकारण मला पटत नव्हतं, आजही पटत नाही. साठच्या दशकात दाक्षिणात्यांविरुद्ध जे झालं त्याचं समर्थन होऊच शकत नाही, आणि नोकरी माणसाची भाषा बघून द्यावी हेही मला मान्य नाही. पण कामाची पद्धत बघा. त्या सगळ्या चळवळीची सुरुवातच मोजणीतून झाली. ‘मार्मिक’ साप्ताहिकात ‘वाचा आणि थंड बसा’ या सदरात मोठमोठ्या कचेऱ्यांतल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जायच्या. पुढे मागणीही आकड्यातच आली : ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना. हेतू काहीही असो, त्यांनी मोजलं ते पलीकडच्या टोकाला, म्हणजे कचेरीत प्रत्यक्ष किती जण बसले ते. व्याख्यानाला किती जण आले, या आकड्यावर कुणाचंही समाधान झालं नसतं. आपली कॉलेजं अलीकडच्या टोकाला, सभागृहाच्या दारात मोजतात आणि तिथेच थांबतात.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. समितीचा भर ज्याला ओळखपाळख नाही त्याच्यावर होता. ज्याचा काका बँकेत मॅनेजर, त्याला समितीची गरज नव्हती. आज कॉलेजात काय होतं? नव्या शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंग आणलं, त्याला श्रेयांक दिले. कल्पना चांगली. पण ट्रेनिंगची जागा शोधायची कुणी? बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यानेच. शिवाजी पार्कला ज्याच्या मामाचं सीएचं ऑफिस आहे, तो तिथे बसतो, खरंच काहीतरी शिकतो. माहीम कोळीवाड्यातली, घरातली पहिलीच पदवीपर्यंत आलेली मुलगी कुठल्या तरी झेरॉक्सच्या दुकानातून सही-शिक्क्याचं पत्र आणते. श्रेयांक दोघांना सारखेच. प्लेसमेंट सेलचं खरं मोल या दोघांमधलं अंतर किती कमी झालं, यात आहे. विश्वस्तांना द्यायचं उत्तर हे होतं, आणि ते देण्यासाठी हजेरीपत्रक उपयोगाचं नाही.

ब्रिटनमध्ये विद्यार्थी बाहेर पडल्यावर १५ महिन्यांनी देशभर त्यांची पाहणी होते : काय काम करतोस, शिक्षणाचा त्यात उपयोग होतो का. पूर्वी ही पाहणी सहा महिन्यांनी व्हायची. सहा महिन्यांत मिळालेली नोकरी पुष्कळदा हाताला लागली ती धरलेली असते, वर्ष उलटल्यावर चित्र जरा स्थिर होतं. हे आपल्याला जमणार नाही असं मुळीच नाही. पाचशे मुलांची एक तुकडी, प्रत्येकाचा नंबर आणि घरच्या माणसाचा नंबर, आणि दोन महिने फोन करायला बसणारा एक माणूस. एवढंच लागतं. यातून कॉलेजला कळेल की कुठल्या विषयाची मुलं वर्षभर घरी बसली, कुठल्या कंपनीने घेतलेली मुलं तीन महिन्यांत सोडून आली, आणि कुठल्या माजी विद्यार्थ्याकडे पुढच्या तुकडीतली मुलं शिकायला पाठवता येतील. अनुदानित कॉलेजांतही काही विषयांच्या जागा रिकाम्या राहू लागल्या आहेत. प्रवेशाच्या खिडकीशी उभा असलेला पालक एकच प्रश्न विचारतो : ‘इथून पुढे मुलं कुठे जातात?’ त्याला नावानिशी उत्तर देऊ शकणारं कॉलेज टिकेल. विश्वस्तांना यातून काय मिळतं हे हवं होतं ना? हे मिळतं.

बैठकीत हे सगळं बोललो. खर्चाचा निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. दरम्यान वाचकांपैकी जे या भागातल्या कॉलेजांचे माजी विद्यार्थी आहेत, त्यांना विनंती : आपल्या प्राचार्यांना एक पत्र लिहा. दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या तुकडीतल्या किती जणांचा ठावठिकाणा तुमच्याकडे आहे, एवढंच विचारा. आणि पत्राखाली आपण काय काम करता, कुठे करता, आणि आपल्या कचेरीत एखाद्या विद्यार्थ्याला दोन महिने बसवून घ्याल का, हेही लिहा.