टायरचे डाग आणि रंगाऱ्याची मजुरी

गॅरेजच्या कोब्याला रंग मारला, तिसऱ्या दिवशी गाडी आत घेतली आणि चाकाखालून रंगाची खपली निघाली, की मालकाचा पहिला हात पडतो तो रंगाऱ्याच्या मजुरीवर. बारामती-इंदापूर भागात गॅरेजवाला आपला आणि रंगारीही आपलाच, म्हणून या तंट्यावर चार शब्द लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

टायरला दोष देऊन उपयोग नाही. रबर मऊ राहावे म्हणून त्यात तेले मिसळलेली असतात. एप्रिल-मेच्या उन्हात पुणे-सोलापूर महामार्गावरून आलेल्या गाडीचे टायर चांगलेच तापलेले असतात. ती उष्णता आणि ती तेले कच्च्या रंगाला मऊ करतात. टायर निवताना आकसतो आणि रंग ओढून घेतो. रंग हाताला कोरडा लागला म्हणजे पक्का झाला, असे नव्हे. हार्डनर मिसळायच्या इपॉक्सी रंगावर दुसऱ्या दिवशी चालता येते, पण गाडी पेलायला त्याला साधारण 7 दिवस लागतात. साधा ऑइलपेंट तर कोब्यावर मारूच नये. सिमेंटमधला क्षार त्याला खातो.

रंगारी बंधूंनाही आम्ही मोकळे सोडणार नाही. घोटून गुळगुळीत केलेल्या कोब्यावर रंग धरत नाही. तो आधी खरवडून घ्यावा. नवा कोबा किमान 28 दिवसांचा असावा. रात्रभर त्यावर प्लॅस्टिकचा कागद कडेने चिकटवून ठेवावा. सकाळी खाली ओल दिसली तर रंग थांबवावा. ओल माहीत असून वरून रंग ओढणे आणि भिजलेले धान्य ढिगाखाली लपवणे यात फरक काय? त्या धान्यवाल्यास पैगंबर (स.) यांनी काय सुनावले, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

नुसता काळा डाग असेल तर साबणाचे पाणी आणि नायलॉनचा ब्रश पुरे. थिनर किंवा पेट्रोल लावू नये, त्याने नवा रंगच मऊ पडतो.

रंगाचा प्रकार, गाडी आत न घेण्याचे दिवस आणि मजुरी सौद्याच्या वेळीच कागदावर घ्यावी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा देणारी सूरह बकराची आयत कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे. आपला कारभार मात्र ‘बघू, देऊ की’ यावर चालतो. आठवडाभर धंदा बंद ठेवणे परवडत नसेल तर अर्धा कोबा आधी रंगवावा, अर्धा नंतर. दिवस पाळूनही रंग निघाला तर रंगाऱ्याने स्वखर्चाने पुन्हा करून द्यावा. मालकाने घाईने गाडी आत घेतली असेल, तर ठरलेल्या मजुरीतला एक रुपयाही कापू नये.