घटाबरोबर टोमॅटोचाही तरवा टाकूया!

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, की आपल्याकडं दोन गोष्टी हमखास होतात. भोगावतीला पाणी चढतं आणि बाजारात टोमॅटोचा भाव चढतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर रस्तेच बंद झाले होते. तेव्हा भाव विचारायलाही टोमॅटो दिसत नव्हता. पुढं जुलै २०२३ मध्ये पूर नसतानाही देशभर किलोला शंभर रुपयांच्या वर भाव गेला आणि 'आमटीत आज टोमॅटो नाही का?' या प्रश्नाला घराघरांतल्या बायकांनी नुसतं बघून उत्तर दिलं!

मैत्रिणींनो, पावसाळ्यात आपल्या परड्यात टोमॅटो येत नाही, हे खरंच आहे. इथला पाऊस त्या पिकाला सोसत नाही. पण पाऊस ओसरला, की घाटमाथ्याजवळच्या आपल्या गावांना जी थंडी मिळते, ती टोमॅटोला मानवते. रात्रीचं तापमान पंधरा ते वीस अंशांच्या आसपास असलं, की फुलाचं फळ चांगलं धरतं. तेरा अंशांच्या खाली रात्री गेल्या, की फुलं गळायला लागतात. म्हणजे कडाक्याच्या थंडीआधी झाड फुलावर यायला हवं. सगळं गणित आहे ते बी टाकण्याच्या वेळेचं.

ही वेळ पंचांगातच आहे. घटस्थापनेला आपण घटाभोवती काळ्या मातीत धान्य पेरतो. नऊ दिवसांत ते किती उगवलं, कसं उगवलं, हे घरातली जुनी बाई बारकाईनं बघायची. तो देवीचा मान तर आहेच, पण बियाणं खरं आहे की खोटं, याची ती परीक्षासुद्धा आहे. त्याच दिवशी एका पाटीत टोमॅटोचा तरवा टाकायचा. दिवाळीच्या सुमारास रोपं लावायला येतात आणि संक्रांतीच्या आसपास पहिली लाल फळं हाताला लागतात.

आता बी कुठलं घ्यायचं? मागच्या एका वर्षी मी दुकानातून पाकिटावरचं चित्र बघून बी आणलं. फळं चांगली आली, टणक, एकसारखी. खूश होऊन त्यातल्याच एका फळाचं बी धरून ठेवलं. पुढच्या वर्षी एका झाडाला लिंबाएवढी फळं, दुसऱ्याला लांबट, तिसऱ्याला काहीच नाही! चूक दुकानदाराची नव्हती. पाकिटावर 'संकरित' लिहिलं होतं, मी वाचलं नव्हतं. संकरित वाणाचं बी पुढच्या पिढीत फुटतं, आईबापांचे गुण वेगवेगळ्या वाटेनं जातात. सुधारित सरळ वाणाचं तसं नाही. टोमॅटोचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागानं फळतं, त्यामुळं धरलेलं बी जातीला धरून राहतं.

संकरित म्हणजे वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' संकरितच आहे, पण पानं गुंडाळणारा विषाणू, जिवाणूंची मर आणि लवकर येणारा करपा, या तिन्हींना तो तोंड देतो. आपल्या तांबड्या, आंबट मातीत मर फार. ज्यांच्या परड्यात उभं झाड एका दिवसात हिरवंच्या हिरवं माना टाकतं, त्यांनी असा वाण जरूर लावावा. पण बी धरून ठेवायचं असेल, तर सरळ वाण घ्या. दिल्लीच्या पुसा संस्थेचा 'पुसा रुबी' जुना आहे. फळ चपटं, थोडं खाचेचं, रसाळ आणि आंबट, साराला उत्तम. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'धनश्री' पानं गुंडाळण्याच्या रोगाला कमी बळी पडते आणि 'भाग्यश्री' गर्द लाल, कमी बियांची आहे. बाजारातला जाड सालीचा टोमॅटो क्रेटमधून लांब जावा म्हणून निवडलेला असतो. आपल्याला परड्यातून चुलीपर्यंतच जायचंय!

तरव्यासाठी एक वाटा माती, एक वाटा पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक वाटा वाळू घ्या. कच्चं शेण नको. दुधाची रिकामी पिशवी चालते, खाली चार भोकं पाडली की झालं. बी अर्धा-पाऊण सेंटिमीटर खोल, एकमेकांपासून बोटभर अंतरावर. ऊब असली तर सहा-आठ दिवसांत उगवतं, गारठ्यात पंधरवडाही लागतो. म्हणून पाटी रात्री स्वयंपाकघरात चुलीजवळ ठेवावी. उगवल्याबरोबर मात्र उन्हात. सावलीत राहिलेलं रोप लांबट होतं आणि कलंडतं.

सगळ्यात जास्त रोपं कशानं मरतात, सांगू? मायेनं! सकाळी पाणी, दुपारी पाणी, सासूबाईंना आठवलं की पुन्हा पाणी. ओल राहिली की बुरशी येते आणि रोपं जमिनीलगत मऊ पडून कोलमडतात. वरची माती सुकलेली दिसली तरच सकाळी पाणी द्या. पेरताना बियाला ट्रायकोडर्मा चोळला तर उत्तम. आणि घरात कुणी मिश्री लावत असेल किंवा तंबाखू मळत असेल, तर साबणानं हात धुतल्याशिवाय रोपाला हात लावू नये. तंबाखूतला विषाणू हातावरून टोमॅटोला लागतो.

पंचवीस-तीस दिवसांनी, वीतभर झाल्यावर संध्याकाळी लावण करा. त्याआधी चार दिवस पाणी कमी करून रोप काटक करायचं. देठ थोडं खोल पुरा, पुरलेल्या देठालाही मुळ्या फुटतात. गेल्या वर्षी वांगी, मिरची किंवा बटाटा होता ती जागा टाळा, भाऊबंदांचे रोग एकच असतात. काठीला बांधा, खालची पानं काढा आणि धुकं पडायला लागलं की पानांवर पाणी मारू नका, कारण करपा ओल्या पानावरच बसतो. माकडांचं काय करायचं, ते मात्र तुम्हीच मला कळवा!

हे सगळं चार टोमॅटोंसाठी? नाही. पूर्वी बियाण्याची गाडगी बायकांच्या ताब्यात असायची. राखेत घोळलेलं कारल्याचं, दोडक्याचं, वांग्याचं बी उतरंडीत असायचं आणि लेक सासरी निघाली की तिच्या पदरात चार पुड्या बांधल्या जायच्या. ती गाडगी गेली आणि कुठलं पेरायचं हे ठरवायचा आपला अधिकारही गेला. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांनी गावठी बियाण्यांची बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं गावही आपल्यासारखंच डोंगरातलं. २००१ चा कायदासुद्धा आपल्या बाजूनं आहे. शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, देण्याघेण्याचा हक्क त्यात लिहिलेला आहे.

म्हणून यंदा संक्रांतीला सगळ्यात निरोगी झाडाचं, सगळ्यात चांगलं एक फळ खायचं नाही. पूर्ण पिकू द्या, बी वाटीत पिळा, एक-दोन दिवस आंबू द्या, धुवा, बशीत सावलीला सुकवा. कागदावर सुकवलं तर चिकटतं. कोरड्या बाटलीत नाव आणि साल लिहून ठेवा, तीन-चार वर्षं टिकतं. आणि पुढच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकची डबी लुटण्याऐवजी बियांची एकेक पुडी लुटा. डबी फुटेल. पुडी मात्र दर घटाला नव्यानं उगवेल.