बर्फाविना नाताळ

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बल्लारपूरच्या वस्त्यांतून संध्याकाळी फिरावे, म्हणजे दोन-तीन भाषांतला नाताळ एकदमच कानांवर येतो. कागद कारखान्याने आणि कोळशाच्या खाणींनी वसवलेले हे गाव. एखाद्या घरातून मलयाळम कॅरोल ऐकू येते, पलीकडच्या घरातून तेलुगू भक्तिगीत, आणि दुकानावर सोडलेल्या दिव्यांच्या माळेतून 'जिंगल बेल्स'ची न थांबणारी पिपाणी. हे शेवटचे गाणे १८५७ सालचे. त्यात येशूही नाही आणि नाताळही नाही; आहे ती बर्फावरून घसरत जाणारी घोडागाडी. जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीस-सत्तेचाळीस अंशांवर जातो, त्या मुलखात हे गाणे नाताळचे राष्ट्रगीत होऊन बसावे याची गंमत वाटते, आणि थोडे वाईटही वाटते.

पण बर्फ नाही म्हणून ही गाणी आपली नाहीत, असे मात्र मला म्हणायचे नाही. माझ्या आवडत्या आधुनिक नाताळगीतांत पहिले नाव 'व्हाइट ख्रिसमस'चेच आहे. रशियातून लहानपणी अमेरिकेत आलेल्या अर्व्हिंग बर्लिन या ज्यू गीतकाराचे हे गीत १९४२ साली 'हॉलिडे इन' या चित्रपटात बिंग क्रॉस्बीने गायले. त्याचे मूळचे सुरुवातीचे कडवे बहुतेक गायक गाळतात. त्या कडव्यातला माणूस कॅलिफोर्नियाच्या उन्हात, ताडांच्या सावलीत उभा आहे आणि त्याला उत्तरेकडच्या बर्फाची आठवण येते आहे. म्हणजे बर्फाचे म्हणून गाजलेले हे गीत बर्फ नसलेल्या जागी सुचलेले आहे. बर्लिनचा तान्हा मुलगा १९२८ साली नेमका नाताळच्या दिवशी वारला होता, हे ठाऊक झाल्यावर त्या साध्या चालीखालचा ओलावा अधिकच जाणवतो. दुसऱ्या महायुद्धात घरापासून दूर असलेल्या सैनिकांनी हे गीत आपले मानले. पुढे एप्रिल १९७५ मध्ये सायगाव सोडण्याची गुप्त खूण म्हणून रेडिओवर 'तापमान १०५ अंश आणि वाढते आहे' अशी सूचना आणि तिच्यामागोमाग हेच गीत, अशी योजना ठरली होती. १०५ फॅरनहाइट म्हणजे साधारण साडेचाळीस सेल्सिअस. चंद्रपूरकराला ही खूण वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही!

दुसरे गाणे डिस्कोचे: 'बोनी एम'चे १९७८ सालचे 'मेरीज बॉय चाइल्ड'. जेस्टर हेअरस्टनने रचलेले हे गीत १९५६ मध्ये हॅरी बेलाफोन्टेने शांतपणे गायले होते. बोनी एमने त्याला नाचते केले. जाणकार या गाण्याला नाक मुरडतात. मला ते आवडते, कारण जन्माची बातमी ऐकून माणसे नाचतात ही गोष्ट त्या गाण्याला मान्य आहे. रेलाच्या तालावर रात्रभर फेर धरणाऱ्या समाजाच्या शेजारी राहणाऱ्याने तरी नाचाला उथळ म्हणू नये.

तिसरे आणि चौथे गाणे एकाच वर्षीचे, १९८७ चे. 'द पोग्ज' आणि कर्स्टी मॅकॉल यांचे 'फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क' आयरिश लोकसंगीत आणि पंक यांच्या मिश्रणातून झाले आहे. नाताळच्या आदल्या रात्री कोठडीत पडलेला दारुडा आणि त्याची जुनी प्रेयसी, परक्या शहरात मोडलेली दोन आयरिश माणसे, एकमेकांना शिव्या देतात. आणि त्या शिव्यांच्या तळाशी प्रेम अजून शिल्लक असते. 'रन-डीएमसी'चे 'ख्रिसमस इन हॉलिस' हे रॅप. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली कृष्णवर्णीयांची ही वस्ती. गाण्यात गल्लीचे नाव येते, आईच्या स्वयंपाकाचे पदार्थ येतात, आणि सणाला यापेक्षा अधिक काही लागत नाही असा ठसका येतो.

या चारही गाण्यांचे प्रकार वेगळे आहेत; त्यांचे चांगलेपण मला एकाच ठिकाणी दिसते. ती कुठून तरी गायलेली आहेत. त्यांना पत्ता आहे. नाताळ हा सर्वांचा सण आहे असे मोघम सांगण्याऐवजी ती आपल्या जागेची उणीव, भूक, भांडण आणि ऊब सांगतात, आणि म्हणूनच दूरच्या माणसापर्यंत पोचतात.

मग आपल्या जागेचे गाणे कुठे आहे?

मराठीला या बाबतीत दरिद्री म्हणता येणार नाही. 'नाताळ' हा शब्दच पोर्तुगीजांकडून येऊन इतका मुरला की तो परका वाटत नाही. फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध केले, ते ओवीत. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि भाषांतरित स्तोत्रांनी भरलेल्या उपासनेत त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन आणले. चर्चच्या पेटीला टाळ-मृदंगाची सोबत मिळाली. त्या काळाच्या मानाने हे पाऊल पोग्जच्या पंकपेक्षा कमी धाडसाचे नव्हते. पण आपण वर्गात टिळक शिकवतो ते फुला-मुलांचे कवी म्हणून. त्यांची 'उपासना संगीत'मधली पदे धर्माच्या खात्यावर टाकून आपण मोकळे होतो. तुकोबांचा अभंग साहित्य आणि टिळकांचा अभंग मात्र प्रार्थना, ही वाटणी कोणत्या निकषावर झाली, हे कुठल्याही वाङ्मयेतिहासाने मला आजवर पटवून दिलेले नाही.

या वाटणीचा परिणाम असा झाला की टिळकांनी उघडलेली वाट चर्चच्या भिंतीच्या आतच राहिली. बाहेरच्या लोकप्रिय गाण्यात आले ते सांताक्लॉजचे हिंदी चित्रपटगीत आणि माळेतली पिपाणी. चांद्यात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन होते. तिथे आयुष्याची अनेक वर्षे घालवलेले अलेक्झांडर वुड १९२६ मध्ये नागपूरचे बिशप झाले. 'चांदा' हे जुने नाव जपणारा सीरो-मलबार धर्मप्रांत १९७७ पासून इथे आहे. म्हणजे नाताळ या मुलखात काल आलेला नाही. तरीही झाडीबोलीतले, सर्वांच्या तोंडी असलेले एखादे नाताळगीत मला अजून भेटलेले नाही.

आणि हे विशेष खटकते, कारण नाताळची मूळ कथा समजायला चंद्रपूर-गडचिरोलीइतका योग्य मुलूख क्वचितच सापडेल. लूकच्या शुभवर्तमानात सरकारी नावनोंदणीसाठी एक गरीब सुतार गरोदर बायकोला घेऊन दूरच्या गावी जातो. कागदावर नाव लागावे म्हणून तहसील कचेरीपर्यंत पायपीट करणाऱ्या माणसाला यात नवल ते काय वाटणार? भामरागड, एटापल्लीकडे पावसाळ्यात गरोदर बाईला खाटेवर घालून नाला ओलांडावा लागतो, हे वर्तमानपत्रांत आपण वर्षानुवर्षे वाचतो. जागा न मिळालेली बाळंतीण इथे दंतकथेतली नाही. रात्री कळप राखणारे मेंढपाळ आपल्याला नाताळच्या शुभेच्छापत्रावर गोड दिसतात. आपल्याकडे गुरे राखणारा समाज गोवारींचा, आणि २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरच्या मोर्चात चेंगरून त्यांची ११४ माणसे गेली. धानाच्या शेतात शेकोटी पेटवून जागल करणारा माणूस, धान निघाल्यावर मिरची तोडायला तेलंगणात गेलेले आईबाप आणि गावी आजीपाशी राहिलेले पोर. 'व्हाइट ख्रिसमस'ची विरहाची तार इथे कितीतरी जास्त ताणलेली आहे. बर्फाची गरजच नाही.

साधनेही हाताशी आहेत. नाताळ येतो तो झाडीपट्टी रंगभूमीच्या ऐन हंगामात. देसाईगंज-वडसा येथून निघालेल्या नाटक मंडळ्या गावोगाव रात्रभर खेळ करतात, वादक समोर बसलेले असतात, आणि प्रेक्षक एकाच बैठकीत रडायला, हसायला आणि लावणीला तयार असतो. पोग्जच्या गाण्याला याहून चांगला श्रोता मिळाला नसता.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की धर्मांतराच्या वादाने आधीच तापलेल्या प्रदेशात असे गाणे मागणे म्हणजे आगीत तेल ओतणे. मला उलट वाटते. परक्या सुरात गायला जाणारा सण शेजाऱ्याला परकाच राहतो. आपल्या बोलीतले गाणे त्याला निदान ऐकता येते, त्यावर भांडताही येते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रेला किंवा माडियांची गाणी ही त्या समाजाच्या श्रद्धाविश्वाचा भाग आहेत. त्यांची चाल उचलून तीत येशू बसवणे ही एक प्रकारची लूटच होय. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच हे गाणे बाहेरच्या कवीने 'आदिवासी बाजाचे' म्हणून लिहू नये. टिळकांनी अभंग उसना घेतला नव्हता. तो त्यांच्या घरातच होता. ज्याच्या घरात जी चाल असेल तिने ती वापरावी, आणि वापरायची नसेल तर तोही तिचा निर्णय.

आपण शिक्षक-विद्यार्थ्यांनी काय करावे? निदान ऐकावे. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. मराठीच्या एखाद्या विद्यार्थ्याने डिसेंबरात बल्लारपूर, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या प्रार्थनाघरांत बसून कोण काय गाते, कोणत्या भाषेत गाते, कोणते शब्द बदलून गाते, एवढे जरी लिहून आणले, तरी अनेक प्रबंधांहून ते मोलाचे ठरेल. कदाचित मी शोधतो आहे ते गाणे एखाद्या वहीत आधीच लिहिलेले असेल, आणि माझे 'भेटलेले नाही' हे वाक्य खोटे ठरेल. तसे झाले तर ते मागे घ्यायला मला आनंदच वाटेल.