पांढऱ्या पट्टीचा बंदोबस्त

पोहण्याचा जो तलाव विंधनविहिरीच्या क्षारयुक्त पाण्याने भरला जातो, त्याच्या काठच्या निळ्या टाइल्सवर, पाणी आणि हवा यांच्या सरहद्दीवर, काही उन्हाळ्यांतच एक पांढरी, खरखरीत पट्टी उमटते. पाण्याची वाफ होऊन जाते, त्यात विरघळलेला चुना मागे राहतो, आणि साबण-घासणीला न जुमानता तो तेथे कायमचा कब्जा करून बसतो. आमच्या पुण्यातील गृहनिर्माण संस्थेत ही पट्टी उतरवण्याची तजवीज करण्याचे काम, निवृत्त मनुष्यापाशी वेळच वेळ असतो या सार्वत्रिक समजुतीमुळे, माझ्याकडे आले.

आलेल्या दरपत्रकांत सर्वांत स्वस्त होता तो वाळूचा मारा. दाबाखालील झोताबरोबर वाळू फेकून पृष्ठभाग खरवडण्याच्या या युक्तीचे पेटंट अमेरिकेत बेंजामिन टिल्घमन यांनी 1870 साली घेतले, आणि तेव्हापासून तिने लोखंडाचा गंज, दगडावरील काजळी, काचेवरील नक्षी अशी असंख्य कामे चुटकीसरशी केली. परंतु वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्‌झ, आणि आघाताने तिचा जो डोळ्यांना न दिसणारा चूर होतो तो श्वासावाटे फुफ्फुसात जाऊन बसला की सिलिकोसिस जडतो, ज्यावर आजतागायत उतारा नाही. ब्रिटनने 1949च्या नियमांनी कारखान्यांतील ओतीव व इतर वस्तूंवर अशा वाळूचा मारा करण्यास मनाई केली. तुर्कस्तानने जीन्सचे कापड विटवण्यासाठी होणारा तिचा वापर 2009 साली, तरुण कामगार दगावू लागल्यानंतर, बंद केला. आणि आपल्या 1948च्या कारखाने अधिनियमाच्या परिशिष्टात हा रोग नोंदणीय म्हणून दाखल केला गेला. टाइल फुटली तर दुसरी मिळते, फुफ्फुसाचे तसे नाही, एवढ्या एका कारणास्तव मी ते दरपत्रक बाजूला ठेवले. तोंडाला रुमाल बांधून माणूस उभा करू, हे ठेकेदाराचे आश्वासन मला निव्वळ क्रूर वाटले.

वाळू टाइललाही मानवत नाही, हा भाग वेगळा. फ्रीडरिक मोस यांनी 1812 साली खनिजांच्या काठिण्याची जी श्रेणी लावली तीत क्वार्ट्‌झ 7वर, काच सुमारे साडेपाचवर आणि कॅल्साइट, म्हणजे आपली ती पांढरी पट्टी, 3वर बसते; म्हणून पट्टीहून किंचित कठीण आणि टाइलच्या चकाकीहून निश्चितपणे मृदू असा कण शोधणे हेच या निवडीचे मर्म. खाण्याचा सोडा अडीचवर आहे, तरीही त्याचे स्फटिक आपटून फुटताना थर सोडवतात. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या आतील डांबराचा लेप 1986च्या शताब्दीपूर्वी याच सोड्याने उतरवला गेला. पण तो झिरपून बाहेर आल्यावर तेथील तांब्याच्या हिरव्या छटेवर निळे ओघळ उमटले, यावरून सौम्य पदार्थालाही स्वतःचे रसायन असते हे ध्यानात येते. तलावात तो अधिक सांडला तर पाण्याची क्षारता वाढते, आणि वाढलेली क्षारता चुना बसण्यास अनुकूल असते. म्हणजे रोग्याला रोगाचेच पथ्य!

कीझेराइट नावाचे मॅग्नेशियम सल्फेटचे खनिज साडेतीनवर, म्हणजे नेमके त्या पट्टीच्या वर आणि काचेच्या पुष्कळ खाली, येऊन थांबते. त्यात मुक्त सिलिका नाही आणि पाण्यात ते विरघळते. मला ते पसंत पडले. अर्थात विरघळते म्हणून सारे तलावातच लोटावे असे नव्हे, कारण सल्फेट सिमेंटला पोखरते. पाणी टाइल्सच्या खाली उतरवून, चूर कोरडाच झाडून पोत्यांत भरावा हे उत्तम. एका कोपऱ्यातील थर मात्र करडा होता आणि आम्लाचा थेंब टाकला तरी फसफसला नाही. तो कॅल्शियम सिलिकेटचा असावा, आणि त्याला काचेचे बारीक मणी लागतात, जे टाइलला ओरखडतात, विरघळत नाहीत आणि तळाशी पायाला टोचत राहतात. तो कोपरा तसाच राहू द्यावा, अशी मी शिफारस केली.

मंजुरीत दोन अटी घातल्या. प्रथम शिडीमागच्या न दिसणाऱ्या टाइलवर अल्प दाबाने नमुना घ्यावा. आणि कण कितीही निरुपद्रवी असला तरी टाइल्सच्या सांध्यांतील सिमेंटमध्ये वाळू असतेच, म्हणून नळी धरणाऱ्यास योग्य श्वसनयंत्र संस्थेने आपल्या खर्चाने द्यावे. दुसऱ्या अटीवर खजिनदार थोडे रेंगाळले, पण सभेने ती मान्य केली. त्यानंतर मी पाण्यातील कॅल्शियम आणि सामू यांची दरमहा तपासणी करण्याचा, म्हणजे पट्टी पुन्हा उमटूच नये असा, प्रस्ताव वाचू लागलो, तेव्हा चहाची वेळ झालेली असून गणपूर्ती राहिली नव्हती.