बाजारभावाच्या तक्त्यांत जातीचा रकाना

दररोजचे बाजारभाव मोबाईलवर घरबसल्या पाहावयास मिळूं लागल्यापासून शेतकऱ्याची मोठी सोय झाली आहे, यांत संशय नाहीं. परंतु प्रश्न मोघम असेल तर उत्तरही मोघमच यावयाचें.

महाराष्ट्र राज्य कृषि पणन मंडळाच्या तक्त्यांत मालाच्या नांवाबरोबर जात अथवा प्रत, परिमाण, आवक आणि कमींत कमी, जास्तींत जास्त व सर्वसाधारण असे तीन दर असतात. नुसतें ‘हरभरा’ म्हणून शोधिलें असतां काबुली, चाफा, गरडा व लोकल हे सारे एकाच यादींत येतात. काबुलीचा दर बहुधा पुष्कळ चढा असतो. या सर्वांची सरासरी धरून जो आपल्या चाफ्याचा भाव ठरवील, तो व्यापाऱ्याशीं व्यर्थ भांडेल किंवा कीड लागेपर्यंत माल घरांत ठेवील. लाल, उन्हाळी व पांढऱ्या कांद्याची हीच गत. पालेभाजीचा दर तर कोठें नगावर, कोठें क्विंटलवर! यास्तव जात, प्रत व परिमाण जुळल्यावांचून दोन भावांची तुलना करूं नये.

मात्र सर्व भार वाचणाऱ्यावर टाकणें न्याय्य नव्हे. पुष्कळ ओळींत जातीच्या रकान्यांत नुसती रेघ असते. महसुली दप्तरांत ज्याचा जन्म गेला त्यास ठाऊक आहे कीं, मूळ रकाना रिकामा राहिला म्हणजे गोषवारा चुकतोच. बाजार समित्यांनीं लिलावाच्या वेळींच जात नोंदावी आणि शेतकरी बंधूंनीं ती आपल्या हिशेबपट्टीवर लिहून घेण्याचा आग्रह धरावा. उगमापाशीं अशुद्ध झालेली नोंद पुढें कोणतेंही यंत्र शुद्ध करूं शकत नाहीं.